खिळ्याला हात लावायचा नाही

“आजी, तुम्ही आंघोळ कधी करता?”

हा प्रश्न निकिताने वत्सलाबाईंच्या दारात उभं राहून, एका दमात आणि खणखणीत आवाजात विचारला. खणखणीत अशासाठी, की जिन्याच्या वळणावर दबा धरून बसलेल्या पिंकी आणि स्नेहलला तो ऐकू जाणं भाग होतं. पैज त्यांनीच लावली होती.

झालं होतं असं. अर्ध्या तासापूर्वी त्या तिघी खालच्या मजल्यावर निकिताच्या खोलीत बसून बीजगणित करत होत्या, म्हणजे भेळ खात होत्या. तेवढ्यात भिंतीचा पोळीएवढा पोपडा सुटला आणि थेट पिंकीच्या भेळेत पडला. पिंकीने पोपडा उचलून बाजूला ठेवला, बोटाला लागलेली चटणी चाटली आणि विचारलं, की मे महिन्यात, नाशकात, आभाळात ढगाचं ठिगळ नसताना ही भिंत ओली कशी. निकिताने घरात रोज ऐकू येणारं उत्तर दिलं, की वरच्या आजींच्या बाथरूमचं पाणी आहे ते. त्यावर स्नेहल म्हणाली, एवढं पाणी झिरपायचं तर त्या आजी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत आंघोळच करत असणार. जा, विचारून ये. हिंमत आहे का?

हिंमत हा शब्द निकितासमोर जपून वापरायला हवा होता. जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगला ऐन वेळी माइक बंद पडला, तेव्हा तिने दीड तास नुसत्या घशावर सूत्रसंचालन केलं होतं. त्याआधी हजेरीलासुद्धा पुटपुटणारी ही मुलगी तेव्हापासून रिक्षावाल्यापासून मुख्याध्यापिकांपर्यंत कुणालाही काहीही विचारायला लागली होती. आईचं म्हणणं होतं की माइक दुरुस्त झाला असता तर बरं झालं असतं.

वत्सलाबाई रागावल्या नाहीत. पदराला हात पुसत त्यांनी उलट विचारलं, “बाथरूममधी, का बाहेर?” मग जिन्याकडे बघून म्हणाल्या, त्या दोघींनाबी बोलव, चोरासारख्या काय बसल्यात.

तिघी आत गेल्या. वत्सलाबाईंनी बाथरूमचं दार उघडून दाखवलं. आत कुरडयांचे तीन डबे होते, देवळ्याहून आलेल्या कांद्याची अर्धी गोणी होती आणि नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. फरशी इतकी कोरडी की कांद्याची सालं पंख्याच्या वाऱ्याने इकडून तिकडे पळत होती. दिवाळीपासून या बाथरूममध्ये थेंब सांडलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. आंघोळ मागच्या गॅलरीत, जुन्या लुगड्याचा आडोसा लावून, एका बादलीत. थंडीत जरा त्रास झाला. पण खालच्या घरातून सोसायटीकडे अर्ज गेल्याचं कानावर आलं, तेव्हा म्हटलं, लेकराच्या खोलीत आपलं पाणी जात असेल तर नकोच ते.

“मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?” निकिताने विचारलं.

“कुणी विचारायला आलंच नाय,” वत्सलाबाई म्हणाल्या. “आज तूच आलीस.”

पैज जिंकली म्हणून निकिताला मिसळ मिळायची होती. जिना उतरताना तिघींनीही तो विषय काढला नाही.

आता निकिताच्या बाबांबद्दल सांगायला हवं. शेखरराव ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातली चूक शोधणं हे त्यांचं काम. बावीस वर्षं ते हेच करत होते आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की लग्नाच्या पंगतीत बसले तरी जिलबीचे वेढे मोजायचे. मागच्याच्या मागच्या धनत्रयोदशीला कारखान्याने त्यांना उत्कृष्ट तपासनीस म्हणून प्रमाणपत्र दिलं. ते त्यांनी लाकडी चौकटीत बसवून निकिताच्या खोलीत लावलं, मुलीला रोज उठल्याबरोबर प्रेरणा मिळावी म्हणून. मुलीला प्रेरणा कितपत मिळाली हे सांगता येत नाही. भिंतीला मात्र त्यानंतर दोनेक महिन्यांनी ओल आली.

ओल आल्याबरोबर शेखररावांनी वर बघितलं. निव्वळ वर बघितलं, वर गेले नाहीत. वरती वत्सलाबाई, त्यांची बाथरूम नेमकी या खोलीच्या डोक्यावर, म्हणजे निकाल लागला. त्यांनी सोसायटीला अर्ज केला. मग स्मरणपत्र. मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. असे एकूण सहा कागद झाले आणि प्रत्येकाच्या भाषेत आदल्यापेक्षा एकेक “खेदाने” वाढत गेला.

निकिताने त्या संध्याकाळी वरची सगळी हकिगत सांगितली तेव्हा शेखरराव कारखान्याच्या बसमधून नुकतेच उतरून आले होते. त्यांनी बूट काढता काढता ऐकून घेतलं आणि एका शब्दात निकाल दिला: मुरलेलं. म्हणजे आजींनी गेली वीस वर्षं ज्या आंघोळी केल्या, त्यांचं पाणी स्लॅबमध्ये मुरून बसलंय आणि ते आता सावकाश बाहेर पडतंय. निकिताने विचारलं, की मग ते सहा महिन्यांत संपायला नको का. शेखरराव म्हणाले, तू दहावीचा अभ्यास कर.

नेमकी तीच अडचण होती. दहावीचा अभ्यास करायला निकिताला जागा नव्हती. ओल वाढल्यापासून खोलीत कुबट वास यायचा, तिला शिंका यायच्या, म्हणून तिची रवानगी हॉलमधल्या दिवाणावर झाली होती. दिवाणाच्या डोक्याशी टीव्ही, पायाशी बुटांचं कपाट, आणि मधून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिची वही उचलून “काय चाललंय” म्हणून बघणार. तिला दार हवं होतं. साधं, आतून कडी लागणारं दार. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत खोली परत मिळाली नाही, तर आपण त्या दिवाणावरच म्हाताऱ्या होणार, असं तिला दिवसातून चारदा वाटायचं, आणि मग ती उठून उगाच गॅलरीपर्यंत चालून यायची.

भिंत दुरुस्त करायचं मार्चमध्येच ठरलं होतं, आणि ठरल्याबरोबर सगळ्या इमारतीला कंठ फुटला. तळमजल्याच्या सगुणाबाईंनी चुना आणि गोमूत्र एकत्र करून फासायला सांगितलं. आईने ते केलं. आई महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते आणि वर्गाबाहेर कुणालाही नाही म्हणू शकत नाही. चार दिवस खोलीत गोठ्यासारखा वास आला आणि पाचव्या दिवशी चुना जमिनीवर आला. मग शेजारच्या लताबाईंनी विटांचं चित्र असलेला चिकटकागद मागवून दिला. तो लावल्यावर खोली एखाद्या ढाब्यासारखी दिसायला लागली, पण निदान कोरडी दिसायला लागली. पंधरा दिवसांनी विटा पोट सुटल्यासारख्या पुढे आल्या. निकिताने कोपरा ओढून बघितला तर मागे काळी, हिरवी आणि एक मोरपंखी अशी तीन रंगांची बुरशी. आईने लताबाईंना कळवू नकोस म्हणून बजावलं, त्यांना वाईट वाटेल. वत्सलाबाईंना काय वाटत असेल हा विचार तेव्हा कुणाच्याही डोक्यात आला नाही. निकिताच्याही आला नाही.

शेवटी शेखररावांनी एका रविवारी स्वतः पुट्टी भरली. तीन थर, प्रत्येक थर पट्टी लावून तपासलेला. भिंत आरशासारखी झाली. बुधवारी तिसरा थर पडला, गुरुवारी दुसरा, आणि पहिला थर शुक्रवारी ते कामावर असताना पडला, एवढी दया त्याने दाखवली.

म्हणून आता मे महिन्यात गवंडी आणायचं ठरलं, आणि गवंडी आणायचा तर सोसायटीची परवानगी हवी. सेक्रेटरी पुंजाराम आहेर तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांना सगळे आहेरकाका म्हणत. त्यांनी अर्जासोबत भिंतीचा नकाशा मागितला, तीन प्रतींत. शेखररावांनी ते मनावर घेतलं. दोन संध्याकाळी बसून त्यांनी असा नकाशा काढला की त्यावरून विमान बनवता आलं असतं. आहेरकाकांनी चष्मा वर करून तो पाहिला, खाली करून पाहिला आणि परत केला, कारण त्यावर उत्तर दिशा दाखवली नव्हती.

उत्तर दिशा दाखवून झाल्यावर परवानगी आली. तिच्यासोबत दुसरा एक कागदही आला. शेखररावांच्या सहा अर्जांचा विचार करून सोसायटीने ठराव केला होता, की वत्सलाबाईंनी आपली बाथरूम फोडून, खालून नवीन थर टाकून, स्वखर्चाने परत बांधून घ्यावी. काम कधी सुरू करायचं तीही तारीख त्यात होती. तीन आठवड्यांनंतरचा सोमवार. हा ठराव करायला कुणी एक जिनाही चढलं नव्हतं. सगळं कागदावर सिद्ध झालं होतं.

शेखररावांनी तो कागद आईला दोनदा वाचून दाखवला. निकिताला कांद्याची सालं आठवली. ती पुन्हा काहीतरी बोलायला गेली, पण बाबा इतके खूश होते, आणि खोली आता खरंच मिळणार होती. ती गप्प बसली. हे तिने नंतर कुणाला सांगितलं नाही.

गवंडी नाक्यावर मिळाले. देवराम आणि त्याची बायको भागीबाई, पेठच्या बाजूचे. देवराम थापी चालवायचा, भागीबाई माल कालवायची आणि घमेली उचलायची, असं बघणाऱ्याला वाटायचं. खरं म्हणजे काय करायचं ते भागीबाई ठरवायची. आल्याबरोबर तिने बोटांच्या मागच्या सांध्यांनी भिंत वाजवत वाजवत कान लावला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जसं आपण बाजारात कलिंगड वाजवतो. मग स्टुलावर चढून छताला टेकलेला भाग वाजवला. मग उतरून नवऱ्याला हळूच काहीतरी सांगितलं.

“साहेब, वरती दोन वीत भिंत कोरडी हाय,” देवराम म्हणाला. “पाणी वरून नाय. इथं मधी कुठं तरी हाय.”

शेखररावांनी त्याला पाणी कसं उतरतं हे समजावून सांगितलं. गुरुत्वाकर्षणापासून सुरुवात केली. देवराम मान डोलावत राहिला. भागीबाई खिळ्याकडे बघत राहिली. प्रमाणपत्राची चौकट ओल आल्यापासून कपाटावर काढून ठेवली होती, पण चार इंची खिळा जागेवरच होता, आणि भिंतीत सगळ्यात काळा डाग त्याच्याभोवती होता. तेवढा भाग सोडून बाकीचा गिलावा काढा, असं शेखररावांनी सांगितलं. खिळ्याला हात लावायचा नाही. तो अगदी समपातळीत बसलाय, ओळंबा लावून मारलाय, तसा परत बसणार नाही. चौकट तिथेच लागणार आहे.

मग सगळी भिंत सोलली गेली, आणि मध्ये ताटाएवढं जुन्या गिलाव्याचं बेट राहिलं, त्यावर खिळा, झेंड्यासारखा.

दोन दिवसांत नवा गिलावा झाला. इतका सुरेख, की निकिताने त्यावर गाल टेकून पाहिला. जाताना देवरामने सांगितलं, की आता सात दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारायचं. नाहीतर गिलावा फुटेल.

इथे त्या घराचं खरं बिनसलं. शेखरराव हादरले. ज्या भिंतीने दीड वर्ष पाण्याने छळलं, तिच्यावर आता आपल्या हाताने पाणी मारायचं? त्यांनी स्पष्ट नकार दिला. इतकंच नाही, तर हॉलमधला उंच पंखा उचलून भिंतीसमोर आणून ठेवला, शेजारून लताबाईंचाही मागून आणला, आणि निकिताला बजावलं की खिडकी सताड उघडी ठेवायची. भिंत लवकर वाळली पाहिजे. आई मात्र गवंड्याचं मानायच्या बाजूची होती, पण तसं तोंडावर बोलायची नाही. सकाळी कारखान्याची बस हलली, की ती बादली-मग घेऊन खोलीत शिरायची आणि भिंतीला न्हाऊ घालायची. संध्याकाळी बाबा आले, की दोन्ही पंखे. भिंत सकाळी चिंब, संध्याकाळी खडखडीत. निकिता मधल्या मध्ये. दोघांनीही तिला दुसऱ्याला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती, आणि दोन शपथा घेऊन दिवाणावर स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. ती दिवसातून वीसदा खोलीत डोकावून यायची.

सहाव्या दिवशी भिंतीला तडे गेले. बारीक, लांब, एकातून दुसरा फुटलेला. भूगोलाच्या पुस्तकात नदीचं खोरं दाखवतात तसे. शेखरराव म्हणाले, हा देवराम भामटा आहे, मालात सिमेंट कमी घातलंय. मग त्यांचं लक्ष दारामागच्या ओल्या बादलीकडे गेलं. त्यानंतर आई आणि बाबांमध्ये जे झालं ते फार सभ्य भाषेत झालं, म्हणून जास्तच लांबलं. त्यात एकोणीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मुंजीला घेतलेली एक पैठणीसुद्धा आली. निकिता तेवढ्या वेळात खोलीत जाऊन उभी राहिली. बाकीची भिंत फुटली होती, पण कोरडी होती. खिळ्याभोवतीचं बेट मात्र काळं-ओलं, आणि आता त्याच्या कडेने नव्या गिलाव्यातही ओल सरकायला लागली होती. वरून नाही. खिळ्यापासून बाहेर, चारी दिशांनी.

पुढच्या रविवारी दुपारी देवराम आणि भागीबाई परत आले. दुसऱ्या दिवशी ठरावातला सोमवार होता, आणि वरच्या मजल्यावर वाळूच्या गोण्या येऊन पडल्या होत्या. शेखररावांनी देवरामला भिंतीसमोर उभं करून सिमेंट आणि वाळूच्या प्रमाणावर बोलायला सुरुवात केली. देवराम जमिनीकडे बघत होता. भागीबाईने एकदाच, जरा मोठ्याने, म्हटलं की साहेब, तो खिळा काढून बघा. शेखरराव म्हणाले, खिळ्याचा इथे काहीही संबंध नाही, आणि पुढे बोलत राहिले.

निकिता बराच वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. देवरामच्या पिशवीतून पकड डोकावत होती. तिने ती उचलली, बाबांच्या बाजूने वाट काढली, खिळा धरला आणि सगळा जोर लावून ओढला.

आधी काहीच झालं नाही. मग भोकातून पाण्याची पेन्सिलीएवढी जाड धार निघाली आणि शेखररावांच्या छातीवर बसली.

गिलाव्याच्या मागे पाइप होता. त्यांच्याच बाथरूममधल्या गिझरला जाणारा, त्यांच्याच घराचा. खिळा त्याच्या बरोबर मध्ये घुसला होता आणि दीड वर्ष आपणच पाडलेलं भोक आपणच बुचासारखं दाबून बसला होता. नळ बंद केला की दाब वाढायचा आणि कडेने थोडं थोडं पाणी सुटायचं. एवढंच. वीस वर्षांचं मुरलेलं पाणी वगैरे काही नव्हतं.

शेखररावांनी भोकावर अंगठा दाबला. दुसरं काही सुचायच्या आत हे त्यांच्याकडून झालं, आणि झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता तिथून हलता येणार नाही. पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह गच्चीवर, गच्चीची किल्ली आहेरकाकांकडे. किल्ली देताना आहेरकाका वहीत सही घेतात आणि वहीत कारणाचा रकाना असतो. भिंतीला चिकटून, केसांतून पाणी गळत असताना, शेखररावांनी लेकीला फक्त एक गोष्ट सांगितली. काहीही लिही, पण भिंतीचं लिहू नकोस.

निकिताने रकान्यात लिहिलं: सूर्याचे निरीक्षण, शालेय प्रकल्प. आहेरकाकांनी ते वाचून किती वाजेपर्यंत असं विचारलं आणि तेही लिहून घेतलं.

गच्चीवर चौदा व्हॉल्व्ह होते आणि एकावरही नाव नव्हतं. तिने पहिला फिरवला, तर खालून सगुणाबाई ओरडल्या, त्या केस धुत होत्या. दुसरा फिरवला, तेव्हा लताबाई खिडकीतून विचारायला लागल्या की पाणी गेलं का. पाचव्याला आईने गॅलरीतून हात हलवला, धार थांबली म्हणून. निकिता उन्हात धापा टाकत उभी राहिली. आपण बरोबर होतो, भागीबाई बरोबर होती. मोठं काहीतरी जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिला नुसतं पळावंसं वाटत होतं, कुठे ते कळत नव्हतं.

उतरताना वत्सलाबाईंचं दार उघडं दिसलं. पॅसेजमध्ये गोण्या, आणि आजी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून फरशा पुसत होत्या. उद्या फुटणाऱ्या फरशा. निकिता थांबली. आत हिरव्या फरशांवर पोपट होते, जोडीजोडीने. त्या दिवशी कांद्याच्या गोणीमागे ते दिसलेच नव्हते. वत्सलाबाई म्हणाल्या, ह्या फरशा आमच्या ह्यांनी मालेगावहून आणल्यात. कांद्याच्या टेम्पोत, रिकाम्या पोत्यांमधी गुंडाळून. वाटेत दोनच फुटल्या, त्या दाराआड बसवल्या, म्हणजे दिसायच्या नाय. आता गवंडी म्हणतो, एक बी शाबूत निघणार नाय.

“मग पुसताय कशाला, आजी?”

“असंच,” त्या म्हणाल्या, आणि फडकं पिळलं. मग तिच्याकडे बघून हसल्या. “जाऊ दे. तुझी खोली मिळंल आता तुला. दहावी हाय ना तुझी.”

निकिता खाली आली तेव्हा घरात पाणी पुसून झालं होतं. देवराम आणि भागीबाई गॅलरीत बसून चहा घेत होते. शेखरराव खोलीत स्टुलावर बसले होते, ओल्या शर्टात, आणि अंगठ्याकडे बघत होते. अंगठा पांढरा पडून सुरकुतला होता. दुसऱ्या कुणाच्या कामात त्यांना अशी चूक सापडली असती, तर त्यांनी तिच्यावर चार पानी अहवाल लिहिला असता.

मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि सगळं इतकं नीट मांडलं की निकिताला भीती वाटली. देवराम आत्ता पाइप जोडेल, संध्याकाळपर्यंत वरून गिलावा होईल. या वेळी पाणी मारू, सात दिवस, आईच मारेल. वत्सलाबाईंची बाथरूम तशीही जुनी आहे, नवीन होतेय तर त्यांचंच बरं. आपण काही बोललो नाही तर कुणाचं काही बिघडत नाही. आपण बोललो, तर मी या इमारतीत मान वर करून जिना कसा चढायचा? सहा अर्ज दिलेत मी. सहा.

शेवटचं वाक्य त्यांनी लेकीकडे न बघता म्हटलं.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, “अहो पण…” आणि तिथेच थांबली. मग निकिताला म्हणाली, की आठवड्याभरात तुझी खोली तयार होईल बघ. दार लावून बस अभ्यासाला, कुणी यायचं नाही तुझ्याकडे. हे ती इतकं मायेने बोलली की निकिताला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती खोलीत दोन फेऱ्या मारून आली. मारण्याइतकी खोली मोठी नव्हती. चार पावलं जायला, चार यायला. मधोमध भिंतीत ते भोक, आणि त्याच्या आत पाइपाचा पांढरा तुकडा, दातासारखा.

गॅलरीत भागीबाईने कप खाली ठेवला आणि ती माल कालवायला आत आली. निकिताने तिला हाताने थांबवलं.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. आवाज गॅदरिंगमधल्यासारखा निघाला नाही. जरा कापला, पण निघाला. “ही भिंत आज बुजवायची नाही. पाइप जोडा, पण भोक उघडं ठेवा. आधी आजी येऊन बघतील. मग आहेरकाका बघतील, मग ज्याला बघायचं तो बघेल. सगळ्यांचं बघून झालं की गिलावा. तोपर्यंत मी दिवाणावर झोपेन. दहावी संपेपर्यंत झोपावं लागलं तरी झोपेन.”

आईने खांद्यावरचा कोरडा पंचा काढून शेखररावांच्या मांडीवर ठेवला, आणि ती कुणाच्या बाजूची आहे हे त्या घरात पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं.

निकिता दाराशी जाऊन चपला घालायला लागली. उजवी डाव्यात गेली, ती काढून परत घातली.

“मी आजींना आणायला वर चाललेय,” ती म्हणाली. “बाबा, तेवढ्यात शर्ट बदला. दीड वर्षांनी येतायत त्या आपल्याकडे.”